ही आंबुटी असावी

पुण्यातल्या लॉनमध्ये उगवलेलं तीन पानांचं, पिवळ्या फुलाचं तण कोणतं, असा प्रश्न आलाय आणि कुणीतरी त्याला डँडेलियन (थंड हवेतलं पिवळ्या फुलाचं तण) म्हटलंय. पुण्याच्या लॉनमध्ये ते कशाला येईल! वर्णनावरून ही आंबुटी वाटते, काही जण आंबोशी म्हणतात. पान बघा: तीन पर्णिका, प्रत्येक पत्त्यातल्या बदामाच्या आकाराची, अंधार पडला की मिटणारी. फूल पाच पाकळ्यांचं, जेमतेम सेंटीमीटरभर. चव आंबट, पण फवारणी केलेल्या लॉनमधलं पान तोंडात घालू नका.

खरी डोकेदुखी शेंगांची. इवल्याशा भेंडीसारख्या उभ्या असतात आणि पिकल्यावर हात लागला की फुटून बिया दूर उडवतात. त्यात खोड सरपटत पेरापेराला मुळं धरतं, म्हणून वरवर उपटणं म्हणजे माळ्याचा वेळ फुकट. शेंगा धरण्याआधी, माती ओली असताना खुरप्याने मुळासकट काढा.

लॉनमधली बाकीची तणं ओळखायला सोपी. एकदांडीला लांब देठावर एकच फूल, मधे पिवळं, कडेला पांढरट. सराट्याचं फूलही पाच पाकळ्यांचं, पण त्याचं काटेरी फळ अनवाणी चालणाऱ्याला आधी कळतं.

पिवळा धोत्रा कुंपणाशी दिसला तर हातमोजे घालूनच काढा: पानं काटेरी, मोडल्यावर पिवळा चीक, बिया मोहरीसारख्या. मोहरीच्या तेलात त्याच्याच तेलाची भेसळ होऊन १९९८ साली दिल्लीत ड्रॉप्सीची (अंगाला सूज आणणाऱ्या आजाराची) साथ आली होती, माणसं दगावली होती. मुलं खेळतात तिथे तो ठेवूच नका.