विषय: रविवारी न्यू जर्सीत एडिसनला येताना बंदूक चालेल का?

प्रेषक: बेन्सलेमहून, दुकानवाला
ऑगस्ट 2025

नमस्कार मंडळी,
रविवारी पोराला घेऊन ढोल-ताशाच्या प्रॅक्टिसला येतोय. व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड फिरतोय की कन्सील्ड कॅरीचं, म्हणजे बंदूक लपवून सोबत नेण्याचं बिल 231 विरुद्ध 198 ने पास झालं, आता एका राज्याचं लायसन सगळीकडे चालतं. माझं दुकान पेनसिल्व्हेनियात, लायसनही तिथलंच. गेल्या हिवाळ्यात रात्री दुकान बंद करताना एकाने चाकू काढून गल्ला नेला, शटर अर्धं खाली, माझा हात कुलपावर, काही करता आलं नाही, तेव्हापासून कमरेला लावूनच असतो. दुकानातून सरळ येणार आहे, तर चालेल ना?

प्रेषक: चेरी हिलचे काका

अरे आणू नकोस! ते मतदान डिसेंबर 2017 चं आहे, फक्त हाऊसमधलं, म्हणजे काँग्रेसच्या खालच्या सभागृहातलं, वरच्या सिनेटमध्ये ते बिल तसंच पडून राहिलं. तिथे 60 मतं लागतात आणि 2009 मध्ये अशीच तरतूद 58 वर अडकली, 2013 मध्ये 57 वर. यंदा खासदार रिचर्ड हडसननी एच.आर. 38 म्हणून परत आणलंय, मार्चमध्ये हाऊसच्या ज्युडिशिअरी कमिटीतून पुढे सरकलं, पण कायदा झालेला नाही. म्हणजे पूर्वेला तुझं लायसन डेलावेअर नदीच्या पुलापर्यंतच, न्यू जर्सी बाहेरच्या कुठल्याच राज्याचं मानत नाही.

2013 मध्ये फिलाडेल्फियाच्या एका आईचं काय झालं माहितीये? लुटल्यावर बंदूक घेतलेली, लायसन तुझ्यासारखंच. न्यू जर्सीच्या ॲटलांटिक काउंटीत पोलिसांनी गाडी थांबवली तर तिने आपणहून सांगितलं की बंदूक आहे, तिला वाटलं खरं सांगितलं की झालं. किमान साडेतीन वर्षांच्या तुरुंगाची टांगती तलवार आली, 2015 मध्ये न्यू जर्सीचे तेव्हाचे गव्हर्नर क्रिस्टींनी माफी दिली तेव्हा कुठे ते पूर्ण मिटलं. तू तर गाडीत पोराला बसवून येणार.

प्रेषक: बेन्सलेमहून, दुकानवाला

काका, बाप रे. मग गोळ्या काढून, पेटीला कुलूप लावून डिकीत ठेवली तर? 1986 चा फेडरल कायदा आहे ना प्रवासासाठी?

प्रेषक: चेरी हिलचे काका

आहे, पण नीट वाच. जिथून निघालास आणि जिथे पोचणार, दोन्हीकडे ती बाळगणं कायदेशीर असेल तरच मधल्या राज्यात संरक्षण. तू व्हर्माँटला चालला असतास तर न्यू जर्सी वाटेवरचं राज्य, पण तुला एडिसनलाच यायचंय, तिथे ते लागूच होत नाही. आणि वाटेवरच्यालाही भरवसा नाही, युटाच्या एकाचं पुढचं विमान न्यू जर्सीत नेवार्कला चुकलं, रात्री हॉटेलवर बॅग सोबत नेली, सकाळी चेक-इनला आपणहून सांगितलं की बॅगेत बंदूक आहे आणि थेट तुरुंगात गेला. पुढे खटला मागे घेतला, पण त्याने भरपाई मागितली तर 2010 मध्ये फेडरल अपील कोर्टाने सांगितलं की बॅग तुझ्या हातात होती म्हणजे संरक्षण संपलं.

जाता जाता, एच-वन व्हिसावाल्या पोरांनो, शिकारीचं लायसन वगैरे मोजके अपवाद सोडले तर तुम्ही बंदूक जवळ ठेवणं हाच फेडरल गुन्हा आहे. नेमबाजीच्या रेंजवर मित्राची हातात घ्यायच्या आधी वकिलाला विचारा.

प्रेषक: एडिसनहून, हॉलचं बुकिंग बघणारी ताई

दादा, प्रॅक्टिस शाळेच्या जिममध्ये आहे हे विसरू नका. शाळेपासून 1000 फुटांत अंगावर बंदूक बाळगायला फेडरल मनाई आहे, सूट त्या त्या राज्याचं लायसन असणाऱ्याला, तुमचं तिथे उपयोगाचं नाही.
आणि बिलाबद्दल मला मनापासून सांगायचंय. सगळे म्हणतात ड्रायव्हिंग लायसन चालतं मग हे का नाही, पण गाडीची परीक्षा प्रत्येक राज्यात असते. इथे 29 राज्यांत बंदूक लपवून न्यायला परमिटच लागत नाही. आमच्याकडे न्यू जर्सीत सुप्रीम कोर्टाच्या 2022 च्या ब्रुएन निकालानंतर लायसनसाठीची 'गरज दाखवा' ची अट गेली, तरी रेंजवर नेम दाखवावा लागतोच. उद्या हे बिल झालं तर ज्याने आयुष्यात कधी नेम धरून दाखवला नाही तोसुद्धा ओक ट्री रोडवरच्या गर्दीत माझ्या मुलीशेजारी उभा असेल. तुमच्या गल्ल्याचं ऐकून वाईट वाटलं, खरंच, पण मला हे नकोय.

प्रेषक: बेन्सलेमहून, दुकानवाला

ताई, मला पटत नाही सगळं. रात्री अकराला एकटं शटर ओढणाऱ्याला विचारा. शेरीफच्या ऑफिसात रीतसर अर्ज करून मी ते लायसन घेतलंय आणि पूल ओलांडला की मी गुन्हेगार, हे मला अजूनही चूक वाटतं, बिल व्हावं असंच वाटतं. पण ते झालेलं नाही, हे कळलं. पोरगं मागच्या सीटवर असणार आणि शाळेचं तर माझ्या डोक्यातच नव्हतं. आधी घरी जाऊन तिजोरीत ठेवतो आणि मग निघतो. अर्धा तास उशीर होईल, त्याचा ताशा तेवढा कोणीतरी बाजूला काढून ठेवा.