मार्टिन ल्यूथर किंगच्या आईला श्रेय किती द्यायचं?

तंबोरा: अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढलेल्या मार्टिनची आई अल्बर्टा किंग, हे नाव आपल्याकडे कुणी घेत नाही. ३० जून १९७४, रविवार. अटलांटाच्या एबेनेझर बॅप्टिस्ट चर्चमध्ये त्या ऑर्गनवर बसल्या असताना त्यांना गोळ्या घातल्या. मार्टिन १९६८ मध्ये गेला होता, धाकटा मुलगा ए. डी. १९६९ मध्ये पोहण्याच्या तलावात बुडून. माझं स्पष्ट मत: किंग घडला तो वडिलांच्या दराऱ्यापेक्षा आईमुळे. गोऱ्या मित्राच्या घरच्यांनी खेळणं बंद केलं, तेव्हा छोट्या मार्टिनला मांडीवर घेऊन गुलामगिरीपासूनचं सगळं तिनेच सांगितलं. वर बजावलं, तू कुणापेक्षाही कमी नाहीस.

कडूलिंब: झालं सुरू! थोर माणूस दिसला की आधी त्याची जिजाऊ शोधायची. बाबासाहेबांची आई ते लहान असतानाच वारली, मग त्यांना कुणी घडवलं? आणि १९५६ विसरलात का? बसमधल्या वर्णभेदाविरुद्धचा बहिष्कार ऐन भरात, मॉन्टगोमेरीत मार्टिनच्या घरावर बॉम्ब पडलेला, आणि अटलांटात आईने काळजीने अंथरूण धरलेलं. त्यानेच लिहून ठेवलंय. तो मॉन्टगोमेरीला परत गेला तो घरच्यांच्या मनाविरुद्ध. याला प्रभाव म्हणता? त्याच बहिष्काराची पत्रकं एका रात्रीत छापून काढणाऱ्या जो ॲन रॉबिन्सनवर कुणी धागा काढत नाही.

तंबोरा: काढा की तुम्ही, येतो आम्ही. पण पोराच्या घरावर बॉम्ब पडल्यावर घाबरली, म्हणून तिने आधीची पंचवीस वर्षं दिलेलं रद्द होतं का?

मधली सुट्टी: दोघंही मूळ गोष्ट सोडताय. 'किंग घराण्याचं चर्च' म्हणतात ते मुळात अल्बर्टाबाईंच्या माहेरचं. त्यांचे वडील ए. डी. विल्यम्स १८९४ पासून तिथे पाद्री, शिवाय एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीच्या संघटनेचे अटलांटातले पुढारी. १९३१ मध्ये ते वारले, मग जावयाकडे चर्च आलं. मार्टिन जन्मला तेही आजोळच्या घरात.

कडूलिंब: मग हे आजोबांचं श्रेय झालं. बाईंचं काय?

मधली सुट्टी: बाईंचं सांगते. हॅम्प्टनच्या कॉलेजात शिकून शिक्षिका झाल्या. १९२६ मध्ये लग्न झालं आणि नोकरी गेली, कारण विवाहित बाईने शिकवायचं नाही असा तिथल्या शाळा मंडळाचा नियम. मग १९३२ मध्ये चर्चचा गायनवृंद उभा केला आणि पुढे कितीतरी वर्षं सांभाळला. लहानगा मार्टिन चर्चच्या मेळाव्यांत गायचा, साथीला आई. त्याच्या भाषणातली लय नुसत्या धर्मशास्त्राच्या वर्गातून आली असं मला तरी वाटत नाही. पुरावा मागू नका, कान मागा.

सातारकर: एक कुणीच बोललं नाही. मारणारा गोरा वर्णद्वेष्टा नव्हता, तेवीस वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण होता आणि ख्रिश्चन धर्मावरच त्याचा राग होता. त्यामुळे हा खून चळवळीच्या कथेत कुठे बसवावा हेच कळत नाही, म्हणून विसरला जातो. त्याला मृत्युदंडाची शिक्षा सुनावली होती, पण किंग कुटुंबाचा मृत्युदंडाला विरोध. शेवटी १९९५ मध्ये जन्मठेप झाली. बाईंचा प्रभाव शोधायचा तर मी इथे शोधेन.

कडूलिंब: तो कुटुंबाचा मोठेपणा, बाई तर गेल्या होत्या. गायनवृंदाचं मात्र मान्य, ते काम त्यांचं स्वतःचं. बाकी 'आईमुळे घडला' हे तंबोऱ्याचं वाक्य मला अजून पटलेलं नाही.