अँटिव्हायरस काढला आणि संगणक लॉगिनवरच अडकला : आपले अनुभव लिहा

गेल्या महिन्यात घरच्या सात वर्षे जुन्या डेस्कटॉपवरचा विकतचा अँटिव्हायरस मी काढून टाकला. वर्गणी संपली होती आणि नूतनीकरणाची आठवण करून देणाऱ्या चौकटींनी वीट आणला होता. कंट्रोल पॅनेलमधून रीतसर अनइन्स्टॉल केले, रीस्टार्ट केले, पासवर्ड टाकला, आणि 'वेलकम' या शब्दापाशी ठिपके गोल फिरू लागले ते चाळीस मिनिटे फिरतच राहिले. माउस हलत होता, पण पुढे काहीही घडत नव्हते.

अशा वेळी विंडोज पुन्हा टाकण्याचा सल्ला फार लवकर दिला जातो. मी तो मानला नाही. बटण दाबून संगणक बंद केला, पुन्हा चालू केला, आणि पासवर्ड न टाकता लॉगिनच्या पडद्यावरच कोपऱ्यातल्या पॉवरच्या चिन्हातून शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट निवडले. विंडोज ८ पासून संगणक सुरू होताना एफ८ दाबण्याची जुनी युक्ती सहसा चालत नाही, म्हणून हा रस्ता माहीत असणे फार उपयोगाचे आहे. पुढे ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज असे करत गेलो आणि ४ हा आकडा दाबून सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त अत्यावश्यक गोष्टींनिशी सुरू होणाऱ्या विंडोजमध्ये शिरलो. तिथे लॉगिन विनातक्रार झाले. याचा अर्थ विंडोजचा गाभा ठीक होता आणि अडथळा बाहेरून आलेल्या एखाद्या ड्रायव्हरचा (विंडोजच्या गाभ्याशी जोडून चालणारा छोटा प्रोग्राम) किंवा सेवेचा (पडद्याआड चालणारा प्रोग्राम) होता.

सिस्टीम३२ मधल्या ड्रायव्हर्स या फोल्डरमध्ये काढून टाकलेल्या अँटिव्हायरसच्या तीन फाइली तशाच बसलेल्या आढळल्या. अँटिव्हायरस फाइल उघडण्याच्या प्रत्येक विनंतीच्या वाटेवर आपला एक फिल्टर ड्रायव्हर बसवतो. हा ड्रायव्हर विनंती थांबवतो, वर चालणाऱ्या सेवेला विचारतो आणि होकार आला की ती पुढे सोडतो. माझ्या बाबतीत उत्तर देणारी सेवा निघून गेली आणि विचारणारा मात्र दारात उभा राहिला, असा माझा तर्क आहे. त्या कंपनीनेच दिलेले स्वतंत्र रिमूव्हल टूल दुसऱ्या संगणकावर उतरवून, पेन ड्राइव्हने आणून सेफ मोडमध्येच चालवले, आणि पुढच्या वेळी डेस्कटॉप काही सेकंदांत समोर आला. जवळपास प्रत्येक मोठी अँटिव्हायरस कंपनी असे टूल फुकट देते, पण नेहमीच्या अनइन्स्टॉलच्या वेळी त्याचा उल्लेख कोणी करत नाही, याचा मला राग आहे.

आपल्यापैकी कोणावर असा प्रसंग आला असल्यास काय दिसले, काय करून पाहिले आणि शेवटी दोष कुठे निघाला, हे कृपया सविस्तर लिहावे.

म्हापसा, डीटीपीचा व्यवसाय

आपण रिमूव्हल टूल वापरलेत हे योग्य केलेत, कारण मी त्या फाइली हाताने पुसल्या आणि त्याची शिक्षा भोगली. संगणक लॉगिनपर्यंत आला, माउस चालत होता, पण कीबोर्डचे एकही बटण उमटेना. दुसरा कीबोर्ड लावला, तिसरा शेजारच्या दुकानातून आणला, तरी तेच. लॉगिनच्या पडद्यावर खालच्या कोपऱ्यात सुलभतेचे चिन्ह असते, त्यातून पडद्यावरचा कीबोर्ड उघडून माउसने एकेक अक्षर टिपत पासवर्ड भरला तेव्हा कुठे आत जाता आले. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कीबोर्डवर पिवळा त्रिकोण आणि कोड ३९, म्हणजे ड्रायव्हर सुरू करता येत नसल्याची खूण होती.

कारण असे निघाले की, टंकलेली अक्षरे कोणी चोरू नयेत म्हणून त्या अँटिव्हायरसने कीबोर्डच्या वाटेवरही आपला फिल्टर घातला होता, आणि रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, कीबोर्डच्या वर्गाखाली 'अप्परफिल्टर्स' या नोंदीत त्याचे नाव शिल्लक होते. फाइल पुसलेली आणि नाव कायम, त्यामुळे विंडोज कीबोर्डच सुरू करेना. त्या नोंदीत 'केबीडीक्लास' हे नाव असलेच पाहिजे; मी फक्त त्याच्याजवळची दुसरी ओळ काढली आणि रीस्टार्ट केले. घाईत संपूर्ण नोंदच उडवू नये, नाहीतर कीबोर्ड पुन्हा गेलाच म्हणून समजावे. लग्नपत्रिकांच्या हंगामात माझा दीड दिवस यात गेला.

सांगली, करसल्लागाराचे कार्यालय

आमच्याकडे विवरणपत्रांची ३१ जुलैची मुदत तोंडावर असतानाच हा प्रकार घडला. एका संगणकावर मुदत संपलेला जुना अँटिव्हायरस न काढताच कोणीतरी नवा बसवला होता, आणि संगणक मंद झाला म्हणून मी नवा काढला. त्यानंतर लॉगिनला वीस-पंचवीस मिनिटे लागू लागली. सेफ मोडमध्ये जाऊन जुना काढायला गेलो तर विंडोज इन्स्टॉलर सेवा उपलब्ध नसल्याचा संदेश आला. ती सेवा सेफ मोडमध्ये एरवी सुरूच होत नाही, हे मला तेव्हा समजले.

मग एमएसकॉन्फिग हे सुरुवातीची सेटिंग्ज बदलण्याचे विंडोजचे साधन उघडून, मायक्रोसॉफ्टच्या सेवा लपवण्याच्या चौकटीवर आधी खूण करून, उरलेल्या सगळ्या सेवा बंद केल्या आणि नेहमीच्या पद्धतीने सुरुवात केली. लॉगिन झाले. तिथून जुना अँटिव्हायरस काढला आणि कोणती सेवा अडवते हे कळावे म्हणून सेवा निम्म्या-निम्म्या करून परत चालू करत गेलो. आधी खूण करण्याचे विसरू नये, हे मी अनुभवाने सांगत आहे, आणि तो अनुभव इथे लिहिण्यासारखा नाही.

पुणे, एका कंपनीचा हेल्पडेस्क

थोडेच लिहितो. लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय, चालू असेल तर सेफ मोडच्या वाटेवर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात किंवा कंपनीच्या आयटी विभागाकडे असते. अँटिव्हायरस काढण्यापूर्वीच ती कागदावर उतरवून ठेवावी, कारण अडकल्यावर शोधाशोध करणारे लोक मी रोज पाहतो.

न्यू जर्सी

माझे बाबा नाशिकला असतात. त्यांनी अँटिव्हायरस काढला, संगणक लॉगिनवर गोठला, आणि रात्री अकरा वाजता, म्हणजे त्यांच्या सकाळी, मला व्हिडिओ कॉल आला. मी हाच सगळा क्रम त्यांच्याकडून करून घेतला. शिफ्ट दाबून ठेवा म्हटले की ते एकदा दाबून सोडत, आणि "दाबलं ना गं" म्हणत. तासाभराने सेफ मोड निवडला, तर तिथेही संगणक तसाच गोठला. इथे माझा अँटिव्हायरसवरचा संशय डळमळीत झाला, कारण बाहेरचे ड्रायव्हर सुरू न होताही तीच अडचण येत असेल तर दोष आणखी खोल असतो.

ओळखीच्या दुरुस्तीवाल्याने हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावली तेव्हा तिचे बरेच सेक्टर (माहिती साठवण्याचे कप्पे) खराब झालेले निघाले. फास्ट स्टार्टअप चालू असल्यामुळे बाबांचा संगणक रोज 'बंद' होऊनही विंडोजचा गाभा पूर्णपणे नव्याने सुरू होत नव्हता. ते काम रीस्टार्टमध्ये होते, आणि अँटिव्हायरस काढल्यावर कित्येक महिन्यांनी प्रथमच खरा रीस्टार्ट झाला. आजारी डिस्क तेव्हा उघडी पडली. एसएसडी ही नव्या प्रकारची डिस्क बसवली, फोटो वाचले. बाबा मात्र आजही सर्वांना सांगतात की, अँटिव्हायरस काढल्याने डिस्क जळली.

सातारा

विंडोज एक्सपीच्या काळातली आठवण आहे. अँटिव्हायरसने एक घातक फाइल पकडून पुसली आणि त्यानंतर लॉगिन केले की लगेच लॉगऑफ होई. रजिस्ट्रीतल्या 'युजरइनिट' या नोंदीत मूळ फाइलऐवजी त्या पुसलेल्या फाइलचे नाव होते. सीडीवरून संगणक सुरू करून ती दुरुस्त केली.

बडोदे

माझा प्रश्न अजून सुटलेला नाही, म्हणून लिहीत आहे. अँटिव्हायरस काढल्यापासून पासवर्डनंतर काळा पडदा आणि फक्त माउसचा बाण दिसतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबल्यास टास्क मॅनेजर उघडतो.

धागाकर्ता

टास्क मॅनेजर उघडतो म्हणजे लॉगिन झालेले आहे, फक्त डेस्कटॉप दाखवणारा एक्सप्लोरर हा प्रोग्राम सुरू होत नाही. फाइल मेन्यूतून नवीन टास्क घेऊन 'एक्सप्लोरर' टंकून पाहावे. डेस्कटॉप आला तर रजिस्ट्रीत 'विनलॉगऑन' खाली 'शेल' ही नोंद तपासावी. तिथे 'एक्सप्लोरर डॉट ईएक्सई' एवढेच हवे.

बडोदे

डेस्कटॉप आला. 'शेल'मध्ये एक्सप्लोररपुढे स्वल्पविराम आणि माझ्या ओळखीचे नसलेले एक नाव आहे. त्या नावाची फाइल संगणकावर कुठेही सापडत नाही. रजिस्ट्रीची प्रत काढून ठेवली आहे. स्वल्पविरामापासून पुढचे काढून आता रीस्टार्ट करतो.