एजंटाशिवाय थेट मालकाकडून फ्लॅट घ्यावा का?

कोथरूडकर: भाड्याने देण्यासाठी कोथरूडमधला एक वन बीएचके आम्ही 62 लाखांना थेट मालकाकडून घेत आहोत. मालक परिचयाचे असून दोघांचीही दलाली वाचेल, असे त्यांचे म्हणणे आहे. मूळ करारनामा त्यांच्या दिवंगत वडिलांच्या नावे आहे. भाग दाखला (गृहनिर्माण संस्थेचे शेअर सर्टिफिकेट) मात्र त्यांच्या नावावर झालेला आहे. विसार म्हणून ते पाच लाख रोख मागत आहेत. पुढे जावे का?

माजी सचिव: भाग दाखला उलटून पाहा. मागच्या बाजूच्या हस्तांतरणाच्या रकान्यात त्यांचे नाव केवळ नामनिर्देशनावरून (नॉमिनी म्हणून) चढले असेल, तर संस्थेने त्यांना सभासद मानले एवढाच त्याचा अर्थ होतो. वडिलांच्या मालमत्तेतील इतर वारसांचा हक्क त्यामुळे संपत नाही. आमच्या संस्थेत अशाच एका व्यवहारात खरेदीखताच्या आदल्या दिवशी मालकाची बहीण हरकतीचा अर्ज घेऊन उभी राहिली आणि खरेदीदाराचा विसार वर्षभर अडकला. सर्व वारसांचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र हाती आल्याशिवाय, तसेच वकिलाकडून 30 वर्षांचा शोध अहवाल (मालकीच्या नोंदींची तपासणी) घेतल्याशिवाय, एक रुपयाही देऊ नये. दलाली वाचली म्हणून वकिलाची फी वाचवण्याचा मोह मात्र आवरावा.

करसल्लागार: विसार रोखीने मुळीच देऊ नका. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, हे मालकांनाही सांगा. किंमत 50 लाखांच्या वर असल्याने एक टक्का, म्हणजे 62,000 रुपये, टीडीएस (मालकाला द्यायच्या रकमेतून आधीच कापायचा आयकर) तुम्हीच कापून भरायचा आहे. मालक अनिवासी असल्यास हिशेब पूर्णपणे बदलतो. पुण्यात सात टक्के दराने मुद्रांक शुल्क 4,34,000 रुपये होईल (खरेदीदार महिला असल्यास एक टक्का सवलत), नोंदणी शुल्क 30,000 रुपये. सरकारी बाजारमूल्य तक्त्यानुसार (रेडी रेकनर) मूल्य अधिक निघाले, तर शुल्क त्यावर लागते.

भाडेवाला: भाडे 18,000 रुपये धरले, तरी वर्षाचे 2,16,000 होतात, म्हणजे किमतीच्या साडेतीन टक्क्यांहून कमी, त्यातून मालमत्ता कर, देखभाल आणि बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो म्हणून संस्था घेते ते) जाणार. भावात घासाघीस करा. मालकाची दलाली वाचते, तर तो फायदा एकट्या त्यांच्याच खिशात का जावा?

कोथरूडकर: भाग दाखला आज पाहिला. नोंद नामनिर्देशनावरूनच आहे आणि त्यांची एक बहीण नाशिकला असते. ती हक्कसोडपत्र करून देईपर्यंत विसार देणार नाही, असे मालकांना कळवले आहे. त्यांनी दोन आठवडे मागितले आहेत.