डार्विनहून कॅथरीन घळई: कोच आणि बोटीची एका दिवसाची सहल ज्येष्ठांना झेपेल का?

प्रश्न (कृष्णाकाठ, सांगली):

माझी धाकटी बहीण ऑस्ट्रेलियातील डार्विन येथे नोकरी करते आणि येत्या जुलैमध्ये आई-वडिलांना घेऊन मी तिच्याकडे जाणार आहे. तिने एक सहल सुचवली आहे: पहाटे कोचने निघून कॅथरीन गाठायचे, निटमिलुक राष्ट्रीय उद्यानातील घळईत बोटीने फिरायचे आणि रात्री परतायचे. जाऊन-येऊन सुमारे 700 किलोमीटर होतात, म्हणजे सांगलीहून मुंबईला जाऊन त्याच दिवशी घरी येण्यासारखेच. वडील 72 वर्षांचे असून त्यांच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, तर आईला गाडी लागते. शिवाय आईच्या मनात मगरींची धास्ती आहे. आमचे गाव भिलवडीजवळ नदीकाठी आहे. मगर दिसल्याची बातमी आली की घाट कसा ओस पडतो, हे ती लग्न होऊन आल्यापासून पाहत आली आहे. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर 1 (अजिंक्यतारा, सातारा):

आम्ही दोघे सासूबाईंना घेऊन जूनमध्ये ही सहल करून आलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. अंतर ऐकून वाटते तितका हा प्रवास त्रासाचा नाही. स्टुअर्ट महामार्ग बव्हंशी सरळ असून त्यावर आपल्यासारखे वळणावळणाचे घाट नाहीत. त्यामुळे आपल्या मातोश्रींना पुढचे आसन मिळाले आणि निघताना पोट अगदी रिकामे नसले, तर त्यांना फारसा त्रास होऊ नये. खिडकीतून माणसापेक्षा उंच वारुळे आणि तीन-चार डबे जोडलेले अजस्र मालट्रक दिसत राहतात. वाटेत ॲडलेड रिव्हर येथे युद्धकालीन स्मशानभूमी आहे. 19 फेब्रुवारी 1942 रोजी जपानी विमानांनी डार्विनवर बॉम्बहल्ला केला, त्यात मरण पावलेल्या टपाल कर्मचाऱ्यांच्या कबरीही तेथेच आहेत. माझे सासरे सैन्यात होते. सासूबाई त्या कबरींपाशी बराच वेळ हात जोडून उभ्या राहिल्या आणि त्या दिवसातले मला सर्वांत स्पष्ट आठवते ते हेच.

आपण विचार करायला हवा तो बोटीच्या टप्प्याचा. कॅथरीन नदीने वालुकाश्मात कोरलेल्या एकूण 13 घळया आहेत आणि कोरड्या ऋतूत पाणी उतरले की दोन घळयांच्या मध्ये खडकांचे बांध उघडे पडतात. बोट ते ओलांडू शकत नाही, म्हणून पहिल्या घळईच्या टोकाला सर्वांना उतरवून खडकाळ वाटेने पलीकडे नेतात आणि तेथे दुसऱ्या बोटीत बसवतात. ही वाट लांब नाही, पण दगड उंच-सखल आहेत आणि दुपारी ते चांगलेच तापतात. ही भूमी जावोइन लोकांची आहे. 1989 मध्ये ती त्यांना कायदेशीररीत्या परत मिळाली. त्यांच्या पूर्वजांनी काढलेली शैलचित्रे याच चालण्याच्या टप्प्यात पाहायला मिळतात, त्यामुळे तो वगळला तर सहलीचा गाभाच हातून जातो. आपल्या वडिलांना घराचा जिना कठड्याविना उतरता येतो का, हे आधी पाहा. तेवढे जमत असेल, तर काठी आणि घट्ट बुटांच्या आधारे ही वाटही जमेल.

उत्तर 2 (प्राणिशास्त्र शिक्षिका, मिरज):

मगरींविषयी लिहिते. तेथे दोन जाती आहेत. गोड्या पाण्यातील मगरीचे तोंड निमुळते असते, ती मुख्यतः मासे खाते आणि डिवचल्याखेरीज सहसा माणसाच्या वाटेला जात नाही. खाऱ्या पाण्यातील मगर मात्र आपल्या कृष्णेतील मगरीपेक्षाही मोठी आणि अधिक धोकादायक असते. नाव काहीही असले तरी ती नदीतून आतवर येते आणि पावसाळ्यात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते एप्रिल या काळात, पुराच्या पाण्याबरोबर घळईतही शिरते. पूर ओसरल्यावर उद्यानाचे कर्मचारी नदीची पाहणी करतात, सापळे लावतात आणि खात्री पटल्यावरच पोहण्यास परवानगी देतात. जुलै हा कोरडा ऋतू आहे. आपल्या आईंना एवढेच सांगा की भिलवडीच्या घाटावर धोका असतो तो पाण्याच्या कडेला वाकून कपडे धुणाऱ्याला. बोटीत हात आत ठेवून बसलेल्याला तसा नाही.

उत्तर 3 (वारणेचा, इस्लामपूर):

गुडघ्याबाबत शंका असेल, तर काकाडू राष्ट्रीय उद्यानातील यलो वॉटरची बोटफेरी निवडावी. तीही डार्विनहून एका दिवसाच्या कोच सहलीत होते, अंतर थोडेसेच कमी आहे, परंतु मध्ये बोट बदलून खडकांवरून चालावे लागत नाही आणि पाणथळीतले पक्षी भरपूर दिसतात. मात्र तेथे खाऱ्या पाण्यातील मगरी जवळून दिसतात, हे आपल्या आईंना आधीच सांगून ठेवावे. डार्विनजवळ मांस टांगून मगरींना उड्या मारायला लावणारी बोटफेरीही आहे. मला तो प्रकार मनापासून आवडला नाही. कुठेही गेलात तरी शाकाहारी जेवणाची नोंद आरक्षणाच्या वेळीच करावी आणि दशम्या, शेंगदाण्याची चटणी सोबत ठेवावी, कारण महामार्गावर दोन गावांमध्ये काहीही मिळत नाही.

प्रश्नकर्ता (कृष्णाकाठ, सांगली):

सर्वांचे मनापासून आभार. वडिलांना आज जिना उतरायला सांगितला. शेवटच्या चार पायऱ्यांवर त्यांनी भिंतीचा आधार घेतला. तरीही शैलचित्रे पाहायचीच, असे ते म्हणतात. म्हणून कोचची सहल सोडून बहिणीच्या गाडीने जाण्याचे आणि कॅथरीनला एक मुक्काम करून सकाळच्या गारव्यात पहिली बोट घेण्याचे आम्ही ठरवले आहे.