समुद्रात मोठा भूकंप, तरी त्सुनामी नाही. असं का?

खारवारा: सुमात्राजवळ २६ डिसेंबर २००४ चा भूकंप ९.१ चा, ११ एप्रिल २०१२ चा ८.६ चा. पहिल्याने हाहाकार उडवला, दुसऱ्यात जेमतेम लाटा आल्या. अर्ध्या आकड्याने एवढा फरक?

भ्रंशरेषा: आकडा दुय्यम. समुद्रतळ कुठल्या दिशेने हलला ते बघा. २००४ मध्ये एक प्लेट (पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड तुकडा) दुसरीखाली जाते तिथला अडकून बसलेला सांधा सुमारे १३०० किमी उसवला. तळ काही मीटर वर आला आणि त्यावरचं सगळं पाणीही उचललं गेलं. २०१२ ला प्लेटच्या पोटातले खडक एकमेकांना घासून आडवे सरकले, पाणी फारसं उचललंच गेलं नाही.

खोलपाणी: बरोबर, पण 'हादरा सौम्य म्हणजे धोका नाही' असं कोणी समजू नका. १८९६ मध्ये जपानच्या सानरिकू किनाऱ्यावर धक्का हलकाच जाणवला, कारण भ्रंश (खडकांतली भेग) सावकाश सरकला. मागून आलेल्या लाटांनी सुमारे २२,००० बळी घेतले.
लाटेच्या वेगाचं गणित सोपं आहे: खोली (मीटर) गुणिले ९.८, त्याचं वर्गमूळ; उत्तर सेकंदाला मीटरमध्ये. ४००० मीटरला ताशी ७०० किमीच्या वर!

खारवारा: मग किनाऱ्यावर ओळखायचं कसं?

भ्रंशरेषा: हादरा २० सेकंदांहून लांबला किंवा पाणी अचानक ओसरलं, की भोंग्याची वाट बघू नका. ३० मीटर उंचीवर किंवा ३ किमी आत जायचं, शक्यतो पायी. गाड्या कोंडीत अडकतात. पहिली लाट गेली म्हणून लगेच खाली उतरू नका, पुढची मोठी असू शकते.