चालढकल, दिरंगाई की दीर्घसूत्रीपणा?

तळटीप
पीएच.डी. करणाऱ्यांसाठी आमचा विभाग मराठीत पुस्तिका काढतोय. प्रबंधाचं लिखाण का लांबतं आणि त्यावर काय करावं, हा विषय. मी 'प्रोक्रॅस्टिनेशन'ला, म्हणजे काम पुढे ढकलत राहण्याला, सगळीकडे 'दिरंगाई' लिहिलं. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ते खोडलं. "दिरंगाई कचेरीत होते, विद्यार्थी करतो ती चालढकल." मला चालढकल पटत नाही, त्याला कामचुकारपणाचा वास येतो. आमची एक विद्यार्थिनी तिसरं प्रकरण लिहायचं सोडून आठवडाभर संदर्भसूचीतले स्वल्पविराम नीट करत होती, तेही रात्री लायब्ररी बंद होईपर्यंत बसून. तिला कामचुकार कसं म्हणू?

रुमाल_दप्तर
सहकाऱ्यांचं बरोबर आहे. 2005 चा बदल्यांचा आणि विलंब-प्रतिबंधाचा कायदा लोकांच्या तोंडी 'दप्तर दिरंगाईचा कायदा' म्हणूनच बसलाय. कर्मचाऱ्यानं फाईल सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपलीकडे अडकवू नये, असं त्यात आहे. दिरंगाईत खोळंबा दुसऱ्याचा होतो. प्रबंध रखडला तर नुकसान स्वतःचंच.

मुळाक्षर
शिवाय दिरंगाई आली फारसी 'दिरंग'वरून. घरात 'दीर्घसूत्री' असताना उसनवारी कशाला? गीतेत 18.28 मध्ये आहे, 'विषादी दीर्घसूत्री च'. महाभारताच्या शांतिपर्वात तीन माशांची गोष्ट आहे. कोळी तळं उपसतात, तरी 'घाई काय आहे' म्हणत जो मागे राहतो त्याचं नावच दीर्घसूत्र. पंचतंत्रात तो यद्भविष्य झाला. इतका नेमका शब्द टाकून द्यायचा?

पाटी_पेन्सिल
मुळाक्षर, 'दप्तर'ही फारसीतूनच आलं. तेही शाळकरी पोरांच्या पाठीवरून उतरवणार का? होस्टेलवर एकही मुलगा 'मी दीर्घसूत्री आहे' म्हणत नाही. 'प्रोक्रॅस्टिनेट करतोय' म्हणतो, नाहीतर 'लिखाणाला मुहूर्तच लागत नाही'. ज्याच्यासाठी पुस्तिका आहे त्याला पहिल्या पानावर कोश उघडायला लावू नका.

मुळाक्षर
वापरला तर रुळतो शब्द. वापरायचाच नाही आणि मग 'कुणाला कळत नाही' म्हणायचं, हे मला मान्य नाही.

सांजवात
त्या श्लोकात 'विषादी' लगेच शेजारी आहे, तिकडे कुणी पाहिलं नाही. मी समुपदेशन करते आणि मला नेमकं हेच दिसतं. टिमथी पिचिल आणि फ्युशिया सिरॉइस या मानसशास्त्रज्ञांनी 2013 मध्ये मांडलं की ही अडचण वेळेच्या नियोजनापेक्षा मनःस्थिती सांभाळण्याची आहे. तिसरं प्रकरण उघडलं की 'मला हे जमणारच नाही' ही भीती अंगावर येते. स्वल्पविराम दुरुस्त करताना ती येत नाही, म्हणून हात तिकडे वळतो. ही मुलं दिवसभर राबतात आणि रात्री अपराधी वाटून झोपत नाहीत. त्यांना आळशी म्हणणं हा अन्याय आहे, मग शब्द संस्कृत असो की फारसी.

हिमवाट
जर्मनीत पीएच.डी. करतेय. इथे बोलीत 'आउफशीबेरिटिस' म्हणतात. 'आउफशीबेन' म्हणजे पुढे ढकलणं, आणि पुढचा 'इटिस' आजारांच्या नावात असतो तोच, दाह झाल्याचा. म्हणजे ढकलण्याचं दुखणं! त्यामुळे 'चालढकल'च जवळची वाटते, 'ढकल' तिच्यात आहेच. 2010 मध्ये फ्रांकफुर्ट-ओडरच्या व्हियाद्रिना विद्यापीठातल्या लेखन केंद्रानं रखडलेल्या निबंधांसाठी एक 'लांब रात्र' सुरू केली, मग ती बऱ्याच विद्यापीठांनी उचलली. सगळे एकत्र बसून लिहितात, अडलं तर विचारायला माणूस असतो. एकटं वाटत नाही हा मोठा फायदा.

तळटीप
हे पुस्तिकेत घेते. आम्ही बुधवारी दुपारी असंच बसतो, फोन दाराजवळच्या टेबलावर ठेवून. 'आज प्रकरण लिहीन' असं कुणी म्हणायचं नाही हा नियम आहे. 'तीन वाजता तक्ता दोनखालचा परिच्छेद' असं सांगायचं, आणि परिच्छेद वाईट झाला तरी तो गाइडला पाठवायचा. यूजीसीच्या 2022 च्या नियमांत प्रवेशापासून सहा वर्षांची मुदत आहे, दर सत्राला सल्लागार समितीपुढे सादरीकरणही आहे. पण सत्र फार मोठं पडतं, मुलं शेवटच्या पंधरवड्यात जागी होतात. बुधवार गाठता येतो. शब्दाचं मात्र अजून ठरेना.

चुलवण
आमच्याकडे अशा कामाला 'भिजत घोंगडं' म्हणतात. आजी म्हणायची, पावसात भिजलेलं घोंगडं जड होतं, लवकर वाळत नाही, म्हणून तसंच पडून राहतं.

माणदेशी
पावसाचा संबंध नसावा. म्हण 'भिजत ठेवणे' अशी आहे, म्हणजे मुद्दाम पाण्यात टाकलेलं. धुवायला भिजवलं आणि पिळायला कुणी आलंच नाही.

चुलवण
मेंढरामागं फिरणारा माणूस पावसाळ्यात घोंगडं पाण्यात कशाला टाकेल? पांघरायचं काय?

माणदेशी
पावसाळ्यात नाही हो, उन्हाळ्यात. आमच्या गल्लीत माग होते. ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ लावायचे, कुंच्यानं ओढून ओढून. सूत कडक व्हायचं, नवं घोंगडं अंगाला टोचायचं. ते मऊ पडायला भिजवावंच लागतं.

मुळाक्षर
खळीचं माहीत नव्हतं. मग 'घोंगडं अडकणे' कुठून आलं असेल? व्यवहारात आपला स्वार्थ गुंतलाय अशा अर्थाचं. ते मागावर अडकतं की काट्यात?

माणदेशी
काट्यात असावं. बाभळीत अडकलं तर धनगर सोडून जात नाही, घोंगडं महाग असतं. मागावरचं असतं तर 'ताणा अडकला' म्हटलं असतं.